स्कायलाइन जीटी-आर घेऊन वडोदरा, परतताना जाम घाट

पहिला दिवस : इंदूर, निघण्याआधी

वडोदऱ्यात एक निसान स्कायलाइन जीटी-आर विकायला निघाली आहे. तिचे कागद तपासायचे, खाली झोपून पत्रा बघायचा, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांतला दाब, मोजायचं. आणि या कामाला इंदूरहून निघालेली गाडीही त्याच जातीची, १९९० ची आर३२ (हा त्या पिढीच्या स्कायलाइनचा कंपनीचा कोड). जाताना धार, झाबुआ, दाहोद, गोध्रा असा हमरस्ता. येताना छोटाउदेपूर, अलिराजपूरमार्गे महेश्वर आणि तिथून जाम घाट. महिना डिसेंबर. टर्बो गाडीला माळव्यात बाहेर काढायचे हेच दोन-तीन महिने. एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांत इंटरकूलरला (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीला) आत घ्यायला थंड हवाच मिळत नाही.

ही गाडी समजून घ्यायची तर एका आकड्यापासून सुरुवात करावी: २,५६८ सीसी. सरळ २,५०० का नाही? कारण ही गाडी ग्रुप ए, म्हणजे विक्रीतल्या गाड्यांवरून बनवलेल्या गाड्यांच्या, शर्यतींच्या नियमपुस्तकातून जन्मली. त्या नियमांत टर्बो इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून वर्ग ठरायचा. २,५६८ गुणिले १.७ म्हणजे ४,३६६, म्हणजे ४,५०० च्या आतला वर्ग. त्या वर्गात किमान वजन किती आणि चाकं किती रुंद चालतील याचा हिशेब करून इंजिन बेतलं. चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, मागच्या चाकांचं स्टिअरिंग, सहा सिलिंडरांना सहा स्वतंत्र थ्रॉटल हे सगळं त्याच गणितातलं. गाडी ऑगस्ट १९८९ मध्ये विक्रीला आली. १९९० ते १९९३ या चार वर्षांत जपानी टूरिंग कार मालिकेच्या २९ पैकी २९ शर्यती तिने जिंकल्या. १९९१ आणि १९९२ ला ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची शर्यतही मारली. जपानी कंपन्यांच्या आपसातल्या समजुतीमुळे कागदावर ताकद २८० पीएसच लिहिलेली आहे.

म्हणजे या गाडीत शोभेची वस्तू फारशी नाही. प्रत्येक भागाला कारण आहे, आणि ते शर्यतीचं आहे. हमरस्त्यावर, घाटात, गावातल्या स्पीडब्रेकरवर ही कारणं एकेक करून समोर येतात. कुठे ती कामाची ठरतात, कुठे अडचणीची. या गाडीची ओढ लागते ती यामुळे. शून्य ते शंभर किती सेकंदात, हा प्रश्न पेट्रोल पंपावरच्या मुलांसाठी सोडून द्यावा.

आता तपासणी. ऑइल १०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-५०, फिल्टरसकट साडेचार-पाच लिटर लागतं. शेवटची पातळी काठीवर बघूनच ठरवायची. या इंजिनाची जुनी खोड अशी की जास्त आरपीएमवर ऑइल वर हेडमध्ये साचतं आणि खाली लवकर उतरत नाही, त्यामुळे संप, म्हणजे तळाची ऑइलची टाकी, कोरडा पडण्याचा धोका. म्हणून पातळी वरच्या खुणेच्या खाली जाऊ द्यायची नाही. दुसरी खोड ऑइल पंपाची. सुरुवातीच्या आर३२ मध्ये क्रँकचा पंपाला फिरवणारा भाग आखूड आहे. इंजिन वारंवार रेव्ह लिमिटरवर आपटलं की पंपाचं आतलं गिअर तडकतं आणि इंजिन संपतं. इंजिन कधी उघडलं गेलं तर क्रँकवर रुंद कॉलर बसवून घ्यायची. तोवर ८,००० च्या लाल रेघेकडे फक्त बघायचं.

टायमिंग बेल्टला कंपनीने १,००,००० किमी दिले आहेत, पण ते नव्या गाडीचं गणित. वर्षाला हजार-दोन हजार किमी फिरणाऱ्या गाडीत बेल्ट वयाने मरतो. पाच वर्षं झाली की बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप एकत्र बदलायचे. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग दुरुस्ती नाही, दुसरं इंजिनच.

टायर २२५/५० आर१६, चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि सारखेच झिजलेले हवेत. यात तडजोड नाही. गाडीचा संगणक पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक बघून पुढे ताकद पाठवतो. मागचे नवे आणि पुढचे झिजलेले असले तर सरळ रस्त्यावरही त्याला चाक घसरतंय असं वाटतं, आणि ट्रान्सफर केसमधल्या (पुढच्या चाकांकडे ताकद वळवणाऱ्या पेटीतल्या) क्लच प्लेटा विनाकारण तापत राहतात.

सोबत घ्यायचं सामान: दोन लिटर तयार कूलंट, दोन लिटर ऑइल, डॉट ४ ब्रेक ऑइलची बाटली, चार चाकी यंत्रणेसाठी एक लिटर ऑइल, एक जास्तीचा इग्निशन कॉइल, सगळ्या मापांचे होज क्लिप, स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप, फ्यूज, पंक्चरचे प्लग, १२ व्होल्टचा हवेचा पंप, टॉर्क पाना. चाकाचा नट हरवला तर निसानचे आटे १२ बाय १.२५, आणि मारुतीचेही तेच. आटे जुळतील, पण नट चाकात बसतो तो कोन अलॉयशी जुळेलच असं नाही. तेव्हा तो पुढच्या गावापर्यंतच. टोयोटा-होंडाचा १.५ चा नट जबरदस्तीने फिरवला तर स्टडच जातो.

दुसरा दिवस : इंदूर ते वडोदरा, सुमारे ३४० किमी

पहाटे साडेपाचला निघायचं ते बेटमा आणि घाटाबिल्लोदचे ट्रक जागे होण्याआधी पुढे सरकायला. पोह्यांच्या टपऱ्या तेव्हा नुकत्या पेटत असतात. इंजिन चालू करून दारात दहा मिनिटं उभं ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी. त्याने ऑइल तापत नाही, फक्त सिलिंडर धुतले जातात. अर्ध्या मिनिटात हलकेच निघावं आणि डॅशबोर्डच्या मधल्या तीन काट्यांपैकी ऑइलच्या तापमानाचा काटा ७०-८० वर येईपर्यंत बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, येऊ देऊ नये. पाणी पाच मिनिटांत तापतं, ऑइलला पंधरा-वीस लागतात. टर्बो खराब होतात ते या मधल्या दहा मिनिटांत.

घाटाबिल्लोदच्या आसपास डावीकडे पीथमपूरचा पट्टा. तिथल्या नॅट्रॅक्सची ११.३ किमीची अंडाकृती धावपट्टी या गाडीच्या मालकांच्या स्वप्नात नेहमी येते. पण ती चाचणीची जागा आहे, मनात आलं म्हणून गाडी आत घालता येत नाही. बाहेरच्या चौपदरी रस्त्यावर मर्यादा १०० ची. त्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये इंजिन साधारण २,६०० आरपीएमवर असतं आणि बूस्टचा काटा शून्याच्या खालीच राहतो. एवढ्या चालीवर लिटरला आठ-नऊ किमी मिळतात. टाकी ७२ लिटरची, म्हणजे वडोदऱ्यापर्यंत आरामात पोचते.

धारनंतर रस्ता खालीवर होऊ लागतो आणि माछलिया घाटात पहिली परीक्षा होते. वेगाची नाही, उभं राहण्याची. पुढे एखादा ट्रक बंद पडला की रांग लागते. गाडी पहिल्या गिअरमध्ये इंच-इंच, समोरून वारा नाही, आणि रेडिएटरच्या पुढ्यात इंटरकूलर आणि एसीचा कंडेन्सर. शर्यतीत गाडी कधी उभी राहत नाही, म्हणून पुढचा सगळा भाग वारा येणार असं धरूनच रचलेला आहे. थर्मोस्टॅट ७६.५ अंशांनाच उघडतो, कारण निसानला इंजिन थंड हवं होतं. मात्र थर्मोस्टॅट उघडून उपयोग काय, पंख्याने हवा ओढली पाहिजे.

इथे बहुतेक जुन्या आर३२ पंख्याच्या क्लचवर अडकतात. पंखा पट्ट्याने फिरतो, पण मधल्या क्लचमध्ये सिलिकॉनचं तेल असतं. तीस वर्षांत ते गळतं, क्लच सैल होतो आणि पंखा नुसता दाखवायला फिरतो. तपासणी सोपी. गाडी चांगली तापल्यावर इंजिन बंद करावं आणि पंखा हाताने ढकलून बघावा. जड लागला आणि लगेच थांबला तर ठीक. तीन-चार फेऱ्या सहज मारत राहिला तर क्लच गेला. रांगेत काटा मध्यावरून वर सरकला तर एसी बंद, हीटर पूर्ण आणि ब्लोअर जोरात. हीटरचा कोअर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. आत भट्टी होते, पण काटा खाली येतो. रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही, ०.९ बारच्या दाबाखालचं पाणी तोंडावर येतं.

झाबुआ, पिटोल, मग गुजरात. दाहोदला पेट्रोल आणि चहा. पंपावर गाडीभोवती गोळा होणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "विकायची आहे का?" दुसरा, "निसान म्हणजे ती मॅग्नाइटवाली?" हो, तीच कंपनी.

पेट्रोलबद्दल मात्र नीट बोलायला हवं, कारण आज भारतात ही गाडी बाळगणाऱ्याची खरी डोकेदुखी तीच आहे. पंपावर साधं म्हणून मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. गाडी बांधली तेव्हाच्या रबरी नळ्या, ओ-रिंग आणि टाकीतल्या पंपाची जोडणी इथेनॉलसाठी बनवलेली नाही. रबर फुगतं, मग कडक होतं, मग तडकतं. इंधनाची नळी फुटली की पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर. म्हणून टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या सगळ्या नळ्या बदलून फ्लोरोइलास्टोमरच्या, जे३०आर९ छाप असलेल्या घ्याव्यात. टाकीच्या आतली पंपाची नळी बाहेरच्या नळीपेक्षा वेगळ्या दर्जाची लागते, बाहेरची नळी तिथे पेट्रोलात बुडून आतून-बाहेरून कुजते.

दुसरा भाग मिश्रणाचा. शुद्ध पेट्रोलला एका भागाला हवा १४.७ भाग लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे नऊ टक्के जास्त इंधन हवं. शंभरच्या संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर बघतो आणि संगणक इंधन वाढवतो, काही जाणवत नाही. पण पूर्ण थ्रॉटलवर संगणक सेन्सरकडे बघतच नाही, आत भरलेल्या १९८९ च्या इंधनाच्या तक्त्यावर चालतो. मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे इंधन कमी पडतं, ते नेमकं बूस्ट आल्यावर, म्हणजे इंजिनाला सर्वांत जास्त धोका असतो तेव्हा. ई२० चं ऑक्टेन चांगलं असतं म्हणून बिनधास्त राहणाऱ्यांनी हा हिशेब करावा. उपाय दोनच: तक्ता नव्याने बसवून घ्यायचा, किंवा तो होईपर्यंत पाय हलका ठेवायचा. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल अहमदाबादेत मिळतं, या रस्त्यावर ते गृहीत धरू नये.

गोध्र्यानंतर हालोल. जनरल मोटर्सचा भारतातला एक कारखाना इथे होता, १९९६ च्या सुमाराला ओपेल अॅस्ट्रा इथूनच निघायची. आता तिथे एमजी. पावागड डाव्या हाताला ठेवून टोलच्या रस्त्याने दुपारपर्यंत वडोदरा. शेवटचे दोन-तीन किलोमीटर बूस्ट न आणता चालवले की मुक्कामी इंजिन चालू ठेवून उभं राहण्याची गरज फारशी उरत नाही. टर्बोला ऑइल आणि पाणी दोन्हींची थंडाई आहे.

तिसरा दिवस : वडोदरा, गाडी बघणे

गाडी दांडिया बाजारच्या मागच्या एका बंद गॅरेजात. मालक सत्तरीतले काका, मराठी अस्सल, अधूनमधून गुजराती. "या, आधी सेव-उसळ खाऊन घ्या, मग गाडीखाली झोपा," हे त्यांचं पहिलं वाक्य. सल्ला चांगला होता. तपासणीला दुपार उलटते.

आधी कागद. गाडी कितीही देखणी असो, बोनेट उघडण्याआधी कागद. १९९० ची स्कायलाइन आज जपानहून आणून सर्वसामान्य मार्गाने भारतात नोंदवता येत नाही. वापरलेली गाडी आयात करायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली लागते. म्हणजे इथे जी आहे ती तेव्हाच आलेली असली पाहिजे, बहुधा परदेशातून कायमचं परतणाऱ्यांना मिळणाऱ्या निवास-स्थलांतराच्या सवलतीत. म्हणून बघायचं ते बिल ऑफ एन्ट्री (आयातीच्या वेळी सीमाशुल्क खात्याला दिलेला कागद), सीमाशुल्क भरल्याची पावती, आणि त्यावरचा चेसिस नंबर. कार्नेवर (शुल्क न भरता गाडी तात्पुरती आणायच्या कागदावर) आलेली गाडी तात्पुरती असते, ती परत जायलाच हवी होती. अशी गाडी किंवा सुट्या भागांतून जोडलेली गाडी कितीही स्वस्त मिळो, ती जप्त होऊ शकते. मूळ बिल ऑफ एन्ट्री "हरवलंय, पण आरसी आहे ना" असं कुणी म्हटलं तर चहा प्यावा आणि उठावं.

काकांकडे फाइल होती, प्लास्टिकच्या पिशवीत, पिवळी पडलेली. चेसिस नंबर बीएनआर३२ ने सुरू होणारा. जपानी बाजारातल्या गाडीला सतरा अंकी नंबर नसतो. आरटीओच्या संगणकाला ते पटवून देताना दमछाक होते, पण सतरा अंक नसणं हीच इथे खरेपणाची खूण. एचसीआर३२ असलं तर ती साधी जीटीएस-टी, वरून जीटी-आरचे बंपर आणि फेंडर चढवलेली. मागच्या फायरवॉलवर ठोकलेला नंबर, इंजिन बेमधली निळी पट्टी आणि आरसी, तिन्ही जुळले पाहिजेत.

निळ्या पट्टीवर रंगाचा कोडही असतो. इथे केएच२, म्हणजे गन ग्रे. गाडी मात्र गडद निळी. रंग बदलणं गुन्हा नाही, पण आरसीत नोंद हवी. ती होती. शिवाय रंग का बदलला, हे शोधावं लागतं. दारांच्या चौकटीत, डिकीच्या रबराखाली आणि बोनेटच्या बिजागरांजवळ जुना ग्रे शिल्लक असेल तर वरून मारलेला रंग, अपघातानंतरचा असू शकतो. इथे दारं काढून आतूनही रंगवलेली दिसली. म्हणजे हौसेने केलेलं काम.

मग गंज. आर३२ चा पत्रा पाच ठिकाणी हमखास खातो: पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर, पुढच्या काचेखालचा भाग, मागच्या चाकांच्या कमानी, जॅक लावायच्या कडा आणि डिकीचा तळ. टॉवरवर सीलंटचा नवा थर दिसला तर तो नखाने खरवडून बघावा. खाली फुगा आला असेल तर काम मोठं. वडोदऱ्याची हवा समुद्राला फार लांब नाही, पण बंद गॅरेजातली गाडी वाचते. इथे डिकीचा तळ सोडता पत्रा चांगला निघाला. तळात अंगठ्याएवढा भाग गेला होता, कारण मागच्या दिव्याच्या रबरातून पाणी झिरपत होतं. रबर आधी, पत्रा नंतर, नाहीतर वर्षभरात तेच.

कॉम्प्रेशन मोजताना इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचा प्लग सोडवलेला, बॅटरी पूर्ण भरलेली, आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. सहा थ्रॉटल आहेत, त्यामुळे अर्धवट उघडले तर सहाही आकडे खोटे येतात. नव्या इंजिनाला सुमारे १७१ पीएसआय, खालची मर्यादा १२८, आणि दोन सिलिंडरांमध्ये १४ हून जास्त फरक नको. इथे पाच सिलिंडर १५५ ते १६० मध्ये, सहावा १४८. सहावा सगळ्यात मागे, त्याला पाणी शेवटी पोचतं. तो थोडा मागे असणं नवल नाही. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजलं, आकडा चढला. म्हणजे गळती रिंगमधून, व्हॉल्व्हमधून नाही.

टर्बो मूळचे, सिरॅमिक टर्बाइनवाले. हलकं चाक लवकर फिरतं म्हणून सिरॅमिक, शर्यतीच्या हिशेबातच. बूस्ट एक बारच्या वर नेला आणि तापला की ते चाक दांड्यावरून सुटतं आणि तुकडे एक्झॉस्टमध्ये जातात. बूस्टच्या नळीत पिवळ्या रंगाचा एक बारीक अडथळा बसवलेला असतो, तो आहे का बघायचं. कुणीतरी तो काढून "थोडी ताकद वाढवलेली" असते. काकांच्या गाडीत तो जागेवर. मीटर मात्र बदललेलं, १८० च्या जागी ३०० किमीचं, निस्मोचं, म्हणजे निसानच्या शर्यत विभागाचं. तेव्हा किलोमीटरचा आकडा धरायचा नाही, पत्रा आणि कॉम्प्रेशन सांगतील तेवढंच खरं.

खर्चाचं एक कलम खरेदीदार विसरतात. ऑगस्ट २०२५ च्या नव्या दरांप्रमाणे वीस वर्षांवरच्या आयात चारचाकीच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क ८०,००० रुपये आहे, आणि ते दर पाच वर्षांनी. लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर जानेवारी २०२३ मध्ये भरलेल्या प्रदर्शनात युद्धपूर्व रोल्स रॉइस उभ्या होत्या. त्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. ती पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला. १९९० ची गाडी २०४० पर्यंत फक्त जुनी गाडी.

चौथा दिवस : वडोदरा ते महेश्वर, तीनशेच्या आसपास

डभोई, बोडेली, छोटाउदेपूर. बोडेलीपर्यंत रस्ता चांगला, पुढे मोठ्या गाड्या कमी आणि स्पीडब्रेकर जास्त. अलिराजपूरकडे गावागावात रंग न मारलेले उंचवटे आहेत. पुढच्या बंपरच्या ओठाखाली जेमतेम मूठभर जागा असते. सरळ गेलं तर ओठ घासतो, तिरकं घेतलं तर एकेक चाक चढतं आणि ओठ वाचतो, मात्र समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला आपण वळतोय असं वाटतं. हात बाहेर काढून थांबवावं, सगळे समजून घेतात. पंक्चर झालं तर टायरवाल्याला जॅक कुठे लावायचा ते स्वतः दाखवावं. कडेच्या खाचांशिवाय दुसरीकडे लावला की पत्रा आत दबतो आणि तिथूनच गंज धरतो.

कुक्षीच्या अलीकडे सिग्नल नाही, गर्दी नाही, तरी गाडी न्यूट्रलला थांबली की बंद पडू लागली. चालताना ठीक, उभी राहिली की गेली. आर३२ मध्ये याचा पहिला संशयित हवामापक. एअर फिल्टरच्या मागे दोन असतात, आत तापलेली तार. त्यांच्या छोट्या पाटीवरचे डाख तीस वर्षांच्या थरथरीने तडकतात. खात्री अशी करायची: इंजिन चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन्ही मापकांवर हलकं ठोकायचं. ज्यावर ठोकल्यावर इंजिन अडखळतं तो दोषी. संगणकही सांगतो. तो डाव्या बाजूला पॅसेंजरच्या पायाशी पॅनलमागे असतो, त्यातला दिवा लुकलुकून आकडा देतो. ५५ म्हणजे दोष नाही, १२ म्हणजे हवामापकाचा सिग्नल. इथे १२.

कुक्षीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान सापडायला पाच मिनिटं लागली. या कामाला गॅरेजपेक्षा तेच बरं, तिथे डाख द्यायची बारीक टोकाची इस्त्री आणि हात स्थिर असलेला मुलगा असतो. झाकण चिकटवलेलं असतं, ते ब्लेडने उघडायचं, जोडणीच्या सगळ्या पिनांचे डाख पुन्हा तापवून नवा टाका घालायचा, तारेला बोट लावायचं नाही, झाकण परत सीलंटने बंद. अर्धा तास आणि शंभर रुपये. जपानी इलेक्ट्रॉनिक्सच्या सुवर्णकाळातली ही वस्तू कुक्षीच्या बाजारात दुरुस्त होते, यात या गाडीचं निम्मं आकर्षण आलं. आजच्या गाडीत तो भाग सील आणि कोडने बांधलेला असता.

मनावर, धामनोद, मग नर्मदेकाठचं महेश्वर. गाडी किल्ल्याच्या चढाच्या खालीच ठेवावी, वरच्या दगडी उतारावर पोट लागतं.

पाचवा दिवस : महेश्वर, जाम घाट, इंदूर

मंडलेश्वरवरून महूकडे जाणारा जुना रस्ता विंध्याची कड चढून जाम दरवाज्यापाशी माळव्यात शिरतो. अहिल्याबाईंच्या काळातला हा दरवाजा. सुट्टीच्या दिवशी वर सेल्फीवाल्यांची जत्रा असते, म्हणून साडेसहाला खालून निघावं.

चढ सुरू झाला की डॅशबोर्डवरचा सगळ्यात डावीकडचा काटा बघावा. पुढच्या चाकांना किती टॉर्क जातो, ते हा काटा दाखवतो. असा मीटर गाडीत घालावासा निसानला वाटला, यातच सगळं आलं. सरळ रस्त्यावर काटा शून्यावर, म्हणजे गाडी पूर्ण मागच्या चाकांवर चालते. हेअरपिन वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये आत शिरलं, नाक वळलं आणि थ्रॉटल दिला की मागचं चाक तसूभर घसरतं. संगणक चाकांचा वेग आणि बाजूचा झोल मोजतो, पंप ऑइलचा दाब वाढवतो, ट्रान्सफर केसमधल्या प्लेटा आवळल्या जातात आणि काटा उचलतो. गाडी वळणातून बाहेर ओढली जाते. पुढे जास्तीत जास्त निम्मी ताकद जाते, तीही गरजेपुरती. घाटात कडेला बारीक खडी पसरलेली असते. तिच्यावर एक मागचं चाक गेलं की काटा झटकन वर येतो आणि लगेच परत. नव्या गाड्यांत हेच सगळं घडतं, पण कळत नाही.

मागच्या चाकांचं स्टिअरिंग, सुपर हायकास, मात्र वादाचा विषय. ८०-९० च्या वर ते गाडी स्थिर करतं, हे खरं. पण मागच्या रॅकचे बॉल जॉइंट झिजले की गाडी सरळ रस्त्यावर मागून डुलते आणि चालवणाऱ्याला वाटतं अलाइनमेंट बिघडलं. अलाइनमेंट करणारा मग पुढची चाकं फिरवत बसतो. पुष्कळ जण रॅक काढून तिथे मागची चाकं सरळ धरणारा लॉकचा बार लावतात. झिजलेल्या जॉइंटपेक्षा बार केव्हाही बरा, पण चांगल्या अवस्थेतलं हायकास काढून टाकणं अनाठायी आहे. ते या गाडीच्या गणिताचाच भाग आहे.

या चढावर "फोरडब्ल्यूडी"चा दिवा पेटला तर घाबरण्याचं कारण नाही. गाडी मागच्या चाकांवर चालत राहते. डिकीतल्या टाकीतलं ऑइल आधी बघावं, कमी असेल तर भरावं. भरूनही दिवा आला तर नळीत हवा आहे, ती काढायची पद्धतशीर प्रक्रिया गॅरेजातच करावी. पंप गेला असेल तर काम महाग. आणि अशी गाडी दोन चाकं उचलून टो करायची नाही, फ्लॅटबेडच. दोन चाकं फिरत आणि दोन उभी राहिली तर ट्रान्सफर केस जळते.

महू, राऊ, इंदूर. लोकमान्य नगरात गाडी लावून दोन तास थंड होऊ द्यायची आणि मगच काठी बघायची. सातशे-सव्वासातशे किलोमीटरमध्ये पाव लिटर ऑइल कमी होणं चालतं, अर्ध्याच्या वर गेलं तर टर्बोचे सील आणि ब्रीदरच्या नळ्या बघायच्या. प्लग काढून रंग बघावा. फिकट तपकिरी ठीक, पांढरट आणि टोकाला काळे ठिपके म्हणजे मिश्रण कोरडं, ई२० चा हिशेब अपुरा. इथे पाच तपकिरी, सहावा पांढरटाकडे झुकलेला. तेव्हा तक्ता बसवून घेईपर्यंत बूस्टला सुट्टी.

बाकी यादी अशी: पंख्याचा क्लच नवा, दुसऱ्या हवामापकाचेही डाख आताच, मागच्या रॅकच्या डाव्या बॉल जॉइंटला दीड मिलिमीटर खेळ आहे तो जॉइंट, आणि डिकीच्या दिव्यांची रबरं दोन जोड, एक वडोदऱ्याच्या काकांसाठी. निस्मोने डिसेंबर २०१७ पासून आर३२ चे काही भाग हेरिटेज योजनेत पुन्हा बनवायला घेतले आहेत. मागणी नोंदवताना चेसिस नंबर पूर्ण द्यावा, कारण मधल्या वर्षांत निसानने कनेक्टर बदलले आहेत आणि चुकीचा भाग आला तर कस्टम भरून आणलेली वस्तू परत पाठवणं कुणालाच परवडत नाही. अमेरिकेत पंचवीस वर्षांच्या नियमामुळे २०१४ पासून या गाड्या तिकडे जाऊ लागल्या, तेव्हापासून जुने भागही महागलेत. रबरं आणि नळ्या आधी मागवाव्यात, त्या सगळ्यात लवकर संपतात.